कुलूपबंद घरांची थकलेली घरपट्टी

महोदय,

विटा, खानापूर, आटपाडी या भागातील अनेक कुटुंबे गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, व्यवसायानिमित्त देशभर विखुरलेली आहेत आणि गावाकडची त्यांची घरे यात्रेला किंवा लग्नकार्याला तेवढी उघडतात. घरात कोणी राहत नाही, मग पट्टी कसली, असा समज त्यांच्यापैकी अनेकांचा असतो आणि तो फार महागात पडतो. घरपट्टी मालमत्तेवर असते. घर बंद आहे म्हणून ती आपोआप थांबत नाही.

नगरपरिषद व महापालिका क्षेत्रात थकीत मालमत्ता करावर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. 5,000 रुपये थकले की महिन्याला 100 रुपये चढतात आणि चार वर्षे दोन महिन्यांत शास्ती मुद्दलाच्या बरोबरीला येते. दर वर्षीची नवी पट्टी आणि तिची शास्ती वेगळीच. पाणीपट्टी आणि शून्य युनिटवरही येणारा महावितरणचा स्थिर आकार हेही घर बंद असले तरी चढतच राहतात.

मला अधिक काळजी वाटते ती नोटिशीची. मालक सापडला नाही, तर मागणीची नोटीस दाराला चिकटवता येते आणि ती रीतसर बजावली गेली असे धरले जाते. आमच्या गल्लीतील एका बंद घराच्या दारावर असाच कागद आहे. पावसाने त्याची शाई उतरली आहे, त्यावरचे नाव दिवंगत आजोबांचे आहे आणि चार शहरांतले चार वारस, दुसऱ्याने भरली असेल, या भरवशावर आहेत. यापुढची पायरी जप्तीची आणि प्रसंगी लिलावाची असते. थकबाकीचा बोजा घरावरच राहत असल्याने विक्रीच्या वेळीही तो आडवा येतो.

वारसांनी वेळीच नोंद करून एकाकडे भरण्याची जबाबदारी द्यावी. मात्र नगरपरिषदांनीही बंद दाराला कागद डकवून मोकळे होऊ नये. वारसांचे मोबाइल क्रमांक नोंदवून जप्तीपूर्वी त्यांना कळवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. वसुलीची सारी धावपळ जानेवारी ते मार्चमध्ये होते, तेव्हा ही माणसे परगावी असतात. दिवाळीत आणि यात्रेच्या दिवसांत ती गावात असताना वारसनोंदीचे आणि पट्टी भरण्याचे शिबिर प्रभागातच भरवावे.

— एक वाचक, विटा (जि. सांगली)