अ‍ॅम्प काढला, वायर जिवंतच राहिली

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सणासुदीला नवी गाडी घ्यायची म्हणून अनेकजण जुनी विकायला काढतात आणि त्याआधी डिकीतला अ‍ॅम्प्लिफायर काढून ठेवतात. घरच्या घरी करायला हे काम अवघड नाही. पण होते असे, की वायर अ‍ॅम्पकडून सोडवायची, तोंडाला काळी टेप गुंडाळायची आणि मॅटखाली सरकवायची. तिचे दुसरे टोक बॅटरीलाच राहते. गाडी नव्या मालकाच्या हाती जाते, आणि सीटखाली काय आहे याची त्याला कल्पनाही नसते. म्हणून हा पत्रप्रपंच.

अ‍ॅम्पची जाड वायर चावीच्या स्विचमधून येत नाही, थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून येते. चावी खिशात असली तरी तिच्यात 12 व्होल्ट असतात. स्टिरिओकडून येणारी बारीक निळी रिमोट वायर अ‍ॅम्पला फक्त ‘चालू हो’ एवढाच इशारा देते. 12 व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. खरा धोका आहे तो अँपिअरचा, म्हणजे करंटचा. शॉर्ट झाल्यावर गाडीची बॅटरी काहीशे अँपिअर सहज ओतते. उन्हात उभ्या गाडीत टेपचा गोंद पातळ होतो, टेप सुटते आणि वायरचे उघडे तोंड सीटच्या लोखंडी पट्टीला टेकते. बॅटरीजवळ योग्य फ्यूज असेल तर तो उडतो आणि विषय संपतो. फ्यूज नसेल, किंवा उडालेल्या फ्यूजच्या जागी कोणी तांब्याची तार पिळून बसवली असेल, तर वायरच लालभडक होते आणि तिच्यावरचे प्लास्टिक व खालचे कार्पेट पेट घेते.

काम सुरू करण्याआधी गाडी बंद करा, चावी काढा, हातातली अंगठी आणि कडेही काढा. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडवा. बहुतेक गाड्यांना 10 नंबरचा पाना लागतो. निगेटिव्हच आधी का, तर पॉझिटिव्हचा नट फिरवताना पाना बॉडीला लागला तर थेट शॉर्ट होतो. निगेटिव्ह निघालेले असले की पाना कुठेही लागो, सर्किटच पूर्ण होत नाही. सुटलेले टर्मिनल कापडात गुंडाळून बाजूला वाकवून ठेवा, नाहीतर ते आपोआप परत टेकते. मग अ‍ॅम्पच्या वायरवरचा फ्यूज काढून खिशात टाका. तो बॅटरीपासून साधारण दीड फुटाच्या आत असायला हवा.

अ‍ॅम्पकडे मात्र क्रम उलटा आहे, आणि इथेच चांगले कारागीरही चुकतात. तिथे पॉझिटिव्ह आधी, मग रिमोट, मग आरसीए (स्टिरिओचा आवाज अ‍ॅम्पपर्यंत आणणारी केबल) आणि स्पीकरच्या वायरी, आणि अर्थची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर सर्वांत शेवटी. पुरवठा चालू असताना अर्थ आधी सुटली, तर करंट परतीची वाट आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतून शोधतो. ती जाळी स्टिरिओच्या आत एका नाजूक जोडणीला जाते आणि ती जोडणी जळते. पुढे गाण्यामागे इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येऊ लागते आणि दोष उगाच नव्या अ‍ॅम्पला दिला जातो. बॅटरी सोडवलेली असली तरी हाच क्रम ठेवावा. हाताला वळण लागते. स्क्रू सोडवण्याआधी मल्टिमीटरने अ‍ॅम्पच्या पॉझिटिव्ह आणि अर्थमध्ये व्होल्ट बघा. आकडा हळूहळू खाली येत असेल तर आतले कॅपॅसिटर (वीज साठवणारे भाग) रिकामे होत आहेत; शून्याजवळ येईपर्यंत थांबा.

वेगळा 1 फॅरडचा कॅपॅसिटर लावला असेल तर जास्त सांभाळा. बॅटरी काढल्यावरही त्यात सुमारे 72 ज्यूल ऊर्जा असते. स्क्रूड्रायव्हर आडवा धरून तो रिकामा करू नका. ठिणगीने स्क्रूड्रायव्हरचे टोक वितळते आणि डोळ्यालाही इजा होऊ शकते. इंडिकेटरचा 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब त्याच्या दोन टोकांना लावा. बल्ब आधी लख्ख पेटतो, मग तांबूस होत विझतो, की झाले.

अ‍ॅम्प सीटखाली असेल तर तिथल्या पिवळ्या वायरी आणि कनेक्टर एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नका. बॅटरी सोडवल्यावर काही मिनिटे थांबूनच सीटखाली काम करा. विजेवरच्या किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी केबल हाय व्होल्टेजच्या असतात. तिथे हा घरगुती उद्योग नकोच.

आता त्या जाड वायरीचे. उत्तम म्हणजे तिचा लग (टोकाची धातूची कडी) बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून काढून अख्खी वायर ओढून घ्यावी. मध्येच पक्कडीने कापू नये, विशेषतः बॅटरी जोडलेली असताना; पक्कड वायरीतून बॉडीवर गेली की शॉर्ट झालाच. ओढून काढणे शक्य नसेल तर निदान बॅटरीकडचे टोक सोडवा आणि दोन्ही टोकांवर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) चढवा. बॉनेटमधून केबिनमध्ये येण्यासाठी पाडलेले छिद्र रबरी बुचाने बंद करा. आपल्याकडच्या पावसात ते उघडे राहिले तर पाणी कार्पेटखाली मुरते आणि पत्रा सडतो. मग बॅटरी जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. घड्याळ आणि काही गाड्यांत पॉवर विंडो पुन्हा सेट करावी लागते, स्टिरिओ कोड मागू शकतो. तो आधीच लिहून ठेवा.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एवढे करावे: बॉनेट उघडून बॅटरीच्या पॉझिटिव्हवर कंपनीच्या हार्नेसखेरीज (मूळ वायरींच्या जुडग्याखेरीज) एखादी जाड, बहुधा लाल वायर आहे का ते पाहावे, आणि असल्यास ती कुठे जाते ते शेवटपर्यंत हाताने चाचपून बघावे.

— एक ऑटो इलेक्ट्रिशियन