परदेशात संगीताची पदवी: आधी वेळापत्रक पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी शिक्षणावरच्या पुरवण्यांमध्ये पाश्चात्य अभिजात संगीताच्या पदवीला सहसा कोपऱ्यातली एक चौकट मिळते, आणि तीही अभियांत्रिकीच्या साच्यातून काढलेली असते: शाळेचे गुण, भाषेची परीक्षा, अर्ज, मग व्हिसा. संगीतात हा क्रमच चालत नाही. इथे आधी ऐकून घेतात, गुण नंतर पाहतात. आणि ऐकून घेण्याची तारीख इतर विषयांच्या विद्यार्थ्यांनी अर्ज उघडण्याच्या आधीच येऊन गेलेली असते. चांगले वाजवणारी मुले केवळ यापायी वर्ष घालवतात, म्हणून हे पत्र.

ब्रिटनचेच घ्या. तिथल्या विद्यापीठांचे नेहमीचे अर्ज जानेवारीपर्यंत चालतात. पण लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक, रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक, मँचेस्टरचे रॉयल नॉर्दर्न कॉलेज यांसारख्या कॉन्झर्व्हेटॉयरचे (म्हणजे वादन-गायनाचे खास शिक्षण देणाऱ्या संस्थांचे) अर्ज 'यूकास कॉन्झर्व्हेटॉयर्स' या वेगळ्या यंत्रणेतून जातात आणि संगीतासाठी त्यांची मुदत ऑक्टोबरच्या अगदी सुरुवातीला संपते. म्हणजे वर्ग भरायला अजून जवळपास वर्ष असते. या यंत्रणेत सहा संस्था निवडता येतात, पण ऑडिशनचे शुल्क प्रत्येक ठिकाणी वेगळे पडते. गिल्डहॉल स्कूल यात नाही, तिथे थेट अर्ज करावा लागतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी नोव्हेंबर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत चाळणीसाठी रेकॉर्डिंग पाठवायचे. त्यातून पुढे गेलेल्यांची ऑडिशन जानेवारी ते मार्चमध्ये. जर्मनीत प्रत्येक संगीत विद्यापीठाची तारीख आपापली, एक सामायिक मुदत नाहीच. या सगळ्यातून उलट मोजत आले, तर ऑडिशनच्या रचना प्रवेशाच्या साधारण दीड वर्ष आधी ठरलेल्या असाव्या लागतात. नवी रचना तीन महिन्यांत बोटांत बसते. परीक्षकांसमोर, परक्या पियानोवर, थंड हातांनी वाजवण्याइतकी ती बसायला आणखी बराच काळ जातो.

आता पदवी कोणती. अमेरिकेत बॅचलर ऑफ म्युझिकमध्ये अभ्यासक्रमाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग संगीताचा असतो, तर संगीत विषय घेऊन केलेल्या बीएमध्ये साधारण एक तृतीयांश. नावे सारखी वाटतात, रोजचा दिवस मात्र पूर्ण वेगळा. ब्रिटनमध्ये कॉन्झर्व्हेटॉयरची बी.म्यूस. (बॅचलर ऑफ म्युझिक) बहुधा चार वर्षांची आणि वादनाभोवती फिरणारी असते. विद्यापीठातली संगीताची पदवी इंग्लंडमध्ये सहसा तीन वर्षांची, तिच्यात इतिहास, विश्लेषण आणि निबंधलेखन जास्त. ज्याला ऑर्केस्ट्रात बसायचे आहे त्याने दुसरी निवडली तर तिसऱ्या वर्षी तो ग्रंथालयात बसून हळहळतो. उलट गत झालेलेही असतात.

संस्थेचे नाव पाहण्याआधी शिक्षक पाहावा, हे आम्ही आग्रहाने सांगू. मुख्य वाद्याचा आठवड्यातला एक तास, एकास एक, हाच या पदवीचा कणा असतो आणि तो एकाच शिक्षकाकडे जातो. त्या शिक्षकाच्या वर्गात पुढच्या वर्षी किती जागा रिकाम्या होणार, यावर प्रवेश अवलंबून असतो. जर्मनीत प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊनही जागा नाही म्हणून प्रवेश न मिळणे ही नित्याची गोष्ट आहे. त्यामुळे अर्जाआधी काही महिने शिक्षकाला ईमेल करावी: चार-पाच ओळी, दोन रचनांच्या व्हिडिओंचा दुवा (जड फाइल जोडू नये), आणि दोनच प्रश्न: पुढच्या वर्षी वर्गात जागा आहे का, आणि एखादा परिचयाचा तास ऑनलाइन मिळेल का. गौरवपर विशेषणांनी भरलेली, वीस जणांना एकदम धाडलेली ईमेल शिक्षक पहिल्या ओळीतच ओळखतात.

सर्वांत जास्त नुकसान होते ते रेकॉर्डिंगमध्ये. नियम बहुतेक ठिकाणी सारखे आहेत: प्रत्येक रचना सलग एका दमात, मध्ये कापाकापी नाही, कॅमेरा हलवायचा नाही, चेहरा आणि दोन्ही हात सतत दिसले पाहिजेत, वरून प्रतिध्वनी चढवायचा नाही. मुले हे पाळतात आणि मग सगळे फोनवर सोपवतात. फोन आवाजाची पातळी आपोआप सांभाळतो: हळू वाजवले की तो वाढवतो, जोरात वाजवले की दाबतो. परिणामी विद्यार्थ्याने जीव तोडून केलेला चढउतार परीक्षकांपर्यंत सपाट होऊन पोहोचतो, आणि शेरा पडतो की वादनात लहानमोठ्या आवाजाचा फरकच नाही. म्हणून ही आपोआप पातळी बंद करता येईल असा छोटा रेकॉर्डर किंवा बाहेरचा माइक वापरावा, तो वाद्यापासून दोन-तीन मीटरवर ठेवावा, आणि रचनेतली सर्वांत जोरकस जागा आधी वाजवून रेकॉर्डरवरचा पातळीचा काटा शून्याच्या सुमारे सहा डेसिबल खाली राहील अशी पातळी लावावी. पियानो असेल तर आदल्या दिवशी सुरात लावून घ्यावा. साथीसाठी आधी ध्वनिमुद्रित केलेला ट्रॅक अनेक संस्था स्वीकारत नाहीत. माणूस साथीला हवा, आणि त्याच्याबरोबर निदान तीन सराव हवेत. थेट ऑनलाइन ऑडिशन असेल तर झूममधला मूळ आवाजाचा पर्याय सुरू करावा. तो बंद राहिला तर लांब धरलेला सूर हा पंख्याचा आवाज समजून सॉफ्टवेअर तो पुसून टाकते. गायक आणि बासरीवादकांची यात हमखास फजिती होते.

रचना निवडताना अवघडपणाच्या मोहात पडू नये. पियानोसाठी बहुधा बाखची प्रील्यूड आणि फ्यूग (जोडीने वाजवायच्या दोन रचना), अभिजात काळातली एक सोनाटा, एक एट्यूड (तंत्राचा कस पाहणारी रचना) आणि एखादी नंतरच्या काळातली रचना असे मागतात, तेही बहुतेक ठिकाणी पाठ. गायकांना निदान दोन-तीन भाषांतली गीते लागतात आणि उच्चारांकडे परीक्षकांचे बारीक लक्ष असते. अठराव्या वर्षी मोठा ऑपेरा आरिया (ऑपेरातले एकल गीत) गायला की परीक्षक प्रभावित होत नाहीत, त्यांना घशाची काळजी वाटते.

सिद्धान्ताची परीक्षा वेगळीच. तिथे ज्ञान असूनही घसरगुंडी होते ती नावांमुळे. स्वरलेखनातल्या ज्या चिन्हाला ब्रिटनमध्ये क्रॉचेट म्हणतात त्याला अमेरिकेत क्वार्टर नोट. जर्मनीत इंग्रजी 'बी' या सुराला 'हा' (एच) म्हणतात आणि जर्मन 'बे' (बी) म्हणजे इंग्रजी 'बी फ्लॅट'. फ्रान्स-इटलीत 'दो' म्हणजे नेहमीच सी. हंगेरीच्या कोदाय पद्धतीत 'दो' पट्टीबरोबर सरकतो. श्रुतलेखनात (ऐकलेली धून लिहून काढताना) परीक्षक सुरुवातीचा सूर सांगतात तो त्यांच्या पद्धतीने, आणि पहिलाच सूर चुकला की पुढची आठ मापे (तालाची आवर्तने) गेली. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात वर्गवारीची चाचणी होते. त्यात मागे पडल्यास पायाभूत वर्ग करावा लागतो, ज्याचे श्रेयांक पदवीत धरले जातातच असे नाही, शुल्क मात्र लागते. जर्मनीत अनेक ठिकाणी सिद्धान्त आणि श्रवणाची परीक्षा नापास म्हणजे मुख्य वाद्य कितीही चांगले असो, सगळेच नापास. शिवाय मुख्य वाद्य कोणतेही असले तरी पियानो थोडाफार यावाच लागतो. हा धडा शेवटच्या सुट्टीत उरकण्यासारखा नाही.

काही वाद्यांना देशही लागतो. क्लॅरिनेट बोएम पद्धतीचे शिकलेले असेल तर फ्रान्स, ब्रिटन, अमेरिका सगळीकडे चालते, पण जर्मन आणि ऑस्ट्रियन ऑर्केस्ट्रांत वेगळ्या कळरचनेचे जर्मन पद्धतीचे वाद्य वाजते. तिथे नोकरी हवी असेल तर बोटांची सवय बदलण्याची तयारी हवी. डबल बेसच्या गजाच्याही फ्रेंच आणि जर्मन अशा दोन धरणी आहेत. पट्टीसुद्धा सगळीकडे 'ए' सूर म्हणजे ४४० हर्ट्झ अशी ठरलेली नाही; जर्मन-ऑस्ट्रियन ऑर्केस्ट्रा ४४३ च्या आसपास लावतात.

पैशांबद्दल एक गैरसमज फार रुजला आहे: कार्यक्रम करून आणि शिकवण्या घेऊन खर्च निघेल. बहुतेक देशांत विद्यार्थी व्हिसावर नेमके हेच करता येत नाही. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते, पण स्वयंरोजगार आणि मनोरंजन करणारा कलाकार म्हणून काम दोन्हीला मनाई आहे. अभ्यासक्रमाचाच भाग असलेली, मूल्यमापन होणारी प्लेसमेंट (प्रत्यक्ष कामाचा अनुभव) तेवढी चालते. खासगी शिकवणीची फी घेणे हाही स्वयंरोजगारच. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आवाराबाहेरचे मानधन परवानगीशिवाय घेतले तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो, आणि पहिल्या शैक्षणिक वर्षात ती परवानगी सहसा मिळत नाही. आवारातले काम मात्र २० तासांपर्यंत चालते. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस नोकरीची मुभा आहे, पण कार्यक्रमाचे मानधन बहुधा स्वतंत्र व्यवसायात मोडते आणि त्याला परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी संमती लागते. तेव्हा अंदाजपत्रकात 'कार्यक्रमांतून मिळकत' हा रकाना शून्य धरावा. आणि ज्यांचा उल्लेख माहितीपत्रकात नसतो ते खर्च धरावेत: तारा, रीड, साथीदाराचे मानधन, वाद्याचा विमा, मंचावरचा काळा पोशाख.

फी वाचवायची तर दोन टोके लक्षात ठेवावीत. फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश मिळालेल्या प्रत्येकाची शिकवणी फी माफ असते, पण जागा मूठभर. जर्मनीत बहुतेक राज्यांत सरकारी संस्थांना शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना मात्र २०१७ पासून सत्राला १५०० युरो पडतात. जर्मनीच्या व्हिसासाठी राहण्याच्या खर्चापोटी गोठवलेल्या खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) सध्या वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागतात. ब्रिटनसाठी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. एक दिवस जरी ती खाली गेली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

प्रवेशपरीक्षेला जर्मनीला जाणाऱ्यांनी कोणता व्हिसा घेतो आहोत हे नीट पाहावे. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या अल्पकाळच्या भेटीच्या व्हिसावर) गेलेल्याला, प्रवेश मिळाला तरी, साधारणपणे परत येऊन शिक्षणाच्या व्हिसासाठी नव्याने अर्ज करावा लागतो. प्रवेशपरीक्षेला जाण्यासाठी अर्जदार-विद्यार्थ्याचा वेगळा व्हिसा आहे. सत्र सुरू व्हायला सहा आठवडे उरलेले असताना हा फरक कळून उपयोग नसतो.

वाद्य नेताना कागद सोबत हवेत. दुर्मीळ प्रजातींच्या व्यापारावरच्या साइट्स करारात तयार वाद्यातल्या रोजवुडला नोव्हेंबर २०१९ पासून सवलत आहे, पण ती ब्राझिलियन रोजवुडला नाही. गजाच्या टोकाला हस्तिदंत किंवा मुठीला कासवाचे कवच असलेले जुने वाद्य प्रमाणपत्राशिवाय सीमेवर अडकते. हे प्रमाणपत्र तीन वर्षांपर्यंत चालते. थंड देशांत हीटर सुरू झाला की खोलीतली आर्द्रता एकदम उतरते आणि व्हायोलिन किंवा चेलोच्या वरच्या पाटीला तडा जातो. पेटीत आर्द्रतामापक ठेवावा आणि काटा ४० ते ६० टक्क्यांत राखावा. दुरुस्तीला लागणाऱ्या पैशांत ओलावा देणारी अशी कित्येक साधने येतात.

शेवटचा प्रश्न राहण्याचा. संस्थेतल्या सरावाच्या खोल्या परीक्षेच्या महिन्यात पहाटेपासून भरलेल्या असतात, म्हणून घरी वाजवता येणे ही चैन नव्हे. जर्मनीत रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळावी लागते, आणि अनेक भाडेकरारांत दिवसाला किती तास वाजवायचे तेही लिहिलेले असते. सही करण्याआधी घरमालकाला वाद्याचे नाव सांगून लेखी विचारावे. 'संगीत शिकतो' एवढे सांगून भागत नाही. व्हायोलिन आणि ट्रॉम्बोन यांतला फरक भिंतीपलीकडच्या माणसाला चांगलाच कळतो.

आपले,
परदेशी संगीतशिक्षणासाठी विद्यार्थ्यांची तयारी करून घेणारे काही शिक्षक