दाढ काढल्यानंतर मिळालेल्या अपुऱ्या आणि चुकीच्या सूचनांबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : दाढ काढण्यापूर्वीची संमती, नंतरच्या सूचना आणि मदतवाहिनीवरून मिळालेला सल्ला यांबाबत.

महोदय,

गेल्या महिन्यात आपल्या दंतचिकित्सालयात माझी खालच्या जबड्यातील उजव्या बाजूची दाढ काढण्यात आली. ज्या डॉक्टरांनी ती काढली त्यांच्या हाताबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे आधीच नमूद करते. दाढेला हिरडीच्या खालपर्यंत उभी चीर गेली होती आणि अशा दाढेचे रूट कॅनल करूनही ती टिकणार नाही, हे त्यांनी एक्स-रे दाखवून मला नीट समजावले होते. माझी तक्रार आहे ती त्यानंतर, खुर्चीत बसल्यापासून पुढचे पाच दिवस, आपल्या व्यवस्थेकडून मला काय सांगितले गेले आणि काय सांगितले गेले नाही याबद्दल.

भुलीचे इंजेक्शन देऊन झाल्यावर, ओठ जड पडू लागलेला असताना, सहायकांनी संमतीपत्र माझ्यापुढे धरले आणि "फक्त सही करा" असे म्हटले. माझा चष्मा तेव्हा बाजूच्या ट्रेमध्ये होता. घरी आल्यावर मी त्या कागदाची प्रत वाचली, तेव्हा खालच्या दाढा काढताना जबड्यातील नसेला धक्का लागून ओठ व हनुवटीची संवेदना काही काळ, क्वचित कायमची, जाऊ शकते आणि मुळाचा तुकडा आत राहू शकतो, हे मला प्रथमच कळले. आधी वाचले असते तरी मी सही केलीच असती. परंतु बधीर तोंडाने आणि चष्म्याविना केलेल्या सहीला संमती म्हणायचे का, हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवते.

त्याच कागदावर "सध्या सुरू असलेली औषधे" या रकान्यात स्वागतकक्षातील कोणीतरी "नाही" असे लिहून ठेवले होते. मला कोणी विचारलेच नव्हते. हृदयाच्या तक्रारीमुळे मी रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन घेते. दात काढण्यासाठी ती सहसा थांबवावी लागत नाही हे खरे, पण डॉक्टरांना ती माहीत असणे आवश्यक असते. माहीत नसल्यामुळे मला दुखण्यासाठी आयब्युप्रोफेन लिहून देण्यात आले. या दोन गोळ्या एकत्र घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो आणि ॲस्पिरिनचा हृदयासाठीचा उपयोगही कमी होऊ शकतो, हे मला माझ्या हृदयरोगतज्ज्ञांकडून कळले, तेही चौथ्या दिवशी. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिली जाणारी काही औषधे घेणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत तर दात काढल्यानंतर जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो. तो रकाना असा न विचारता भरणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

दाढ निघताना जबड्यावर प्रचंड दाब जाणवला आणि कानाजवळ करकर असा आवाज झाला. भूल उतरली की काय, या भीतीने मी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले होते. भुलीने वेदना थांबते, दाब जाणवतच राहतो, हे एक वाक्य कोणी आधी सांगितले असते तर ती पंधरा मिनिटे सोपी गेली असती. अर्थात ही बाब किरकोळ आहे, पुढची नाही.

निघताना मला सूचनांचा छापील कागद देण्यात आला. त्यातील चौथी ओळ अशी होती : "कोमट मिठाच्या पाण्याने वारंवार गुळण्या कराव्यात." केव्हापासून, हे कोठेही लिहिलेले नव्हते. मी त्याच संध्याकाळी, भूल उतरल्यावर, सूचनेप्रमाणे मन लावून चार वेळा खळखळून गुळण्या केल्या. चौथ्या वेळी बेसिनमध्ये काळपट लाल, जेलीसारखा गोळा पडला आणि मला वाटले, घाण निघून गेली. प्रत्यक्षात ती दाढेच्या खळगीत धरलेली रक्ताची गुठळी होती. हीच गुठळी खालचे हाड आणि नसांची टोके झाकून ठेवते आणि तिच्याच आधाराने हिरडी भरून येते. म्हणून पहिले २४ तास गुळण्या करू नयेत, जोरात थुंकू नये, स्ट्रॉने पिऊ नये, धूम्रपान तर टाळावेच, असे सांगितले जाते. त्यानंतरही मिठाचे पाणी तोंडात हलकेच फिरवून सोडून द्यायचे असते. यातले एक अक्षरही त्या कागदावर नव्हते. कापसाचा बोळा किती वेळ दाबून धरायचा, हेसुद्धा मला शेजारी बसलेल्या दुसऱ्या रुग्णाने सांगितले.

तिसऱ्या दिवशी सकाळी कानापर्यंत जाणारा ठणका सुरू झाला आणि तोंडाला दुर्गंधी येऊ लागली. मी आपल्या मदतवाहिनीवर दोनदा फोन केला. दोन्ही वेळा "दाढ काढल्यावर दुखणारच, गोळी घेत राहा" एवढेच उत्तर मिळाले. साधे दुखणे आणि सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढून मग उतरू लागते. जे दुखणे तिसऱ्या दिवशी नव्याने उसळते, गोळीला दाद देत नाही आणि कानाकडे सरकते, ते ड्राय सॉकेटचे, म्हणजे गुठळी निघून जाऊन खळगीतले हाड उघडे पडल्याचे, असू शकते, एवढा फरक फोनवर बसणाऱ्या व्यक्तीला माहीत असायला हवा. तिने विचारायला हवे होते, दुखणे कमी होत आहे की वाढत आहे? हा प्रश्न मला कोणीही विचारला नाही. मी दोन रात्री बसून काढल्या.

पाचव्या दिवशी मी स्वतःहून चिकित्सालयात आले. तेथील दुसऱ्या डॉक्टरांनी आरशाने पाहताच खळगी रिकामी असून आत हाड उघडे पडल्याचे सांगितले, ती सलाइनने धुतली आणि लवंगेच्या वासाची औषधी पट्टी आत ठेवली. अर्ध्या तासात ठणका निम्म्यावर आला. जो उपचार तिसऱ्या दिवशी करता आला असता, त्यासाठी मला दोन दिवस थांबावे लागले आणि वर त्याचे वेगळे शुल्कही भरावे लागले.

सर्व काळजी घेऊनही ड्राय सॉकेट होऊ शकते, आणि खालच्या दाढांच्या बाबतीत त्याचे प्रमाण जास्त असते, याची मला जाणीव आहे. त्यामुळे केवळ त्या चौथ्या ओळीमुळेच हे घडले असा माझा दावा नाही. मात्र गुठळी पडून जाईल अशी कृती मी आपल्या लेखी सूचनेनुसार केली, आणि लक्षणे सांगूनही मला परत बोलावले गेले नाही, या दोन गोष्टी आपल्याला नाकारता येणार नाहीत.

तरी माझी मागणी अशी की, दुसऱ्या भेटीचे व पट्टीचे शुल्क मला परत करावे. माझ्या उपचारांच्या नोंदी व एक्स-रे यांची प्रत द्यावी आणि त्या नोंदींत माझ्या औषधांची दुरुस्ती करावी. तसेच सूचनांचा तो कागद सध्याच्या स्वरूपात वाटणे आजपासून थांबवावे. नवा कागद डॉक्टरांकडून तपासून घेऊन त्यात प्रत्येक सूचनेपुढे वेळ लिहावी आणि कोणती लक्षणे दिसल्यास ताबडतोब यावे हे ठळक अक्षरांत छापावे. संमतीपत्र इंजेक्शनपूर्वी दिले जाईल, याचे लेखी आश्वासनही मला हवे आहे.

जुना सूचनांचा कागद, संमतीपत्राची प्रत आणि दोन्ही पावत्या सोबत जोडल्या आहेत. दोन्ही फोन मी तिसऱ्या दिवशीच केले होते, त्यामुळे त्यांची नोंद आपल्याकडे सहज सापडेल. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)