मंत्रचळावर चुंबक : ती पाच मिनिटे गाळू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मंत्रचळावर, म्हणजे नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या ओसीडी या आजारावर, टीएमएस हा डोक्याला लावलेल्या कॉइलमधून (तारेच्या वेटोळ्यातून) मेंदूला चुंबकीय ठोके देण्याचा उपचार सुचवला की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘म्हणजे शॉकच ना?’ शॉक नव्हे. भूल नाही, फीट आणणे नाही. रुग्ण खुर्चीत जागा असतो, नंतर आपल्या पायांनी घरी जातो. विचारायला हवे ते वेगळेच : यंत्र सुरू करण्याआधी तुम्ही काय करता?

2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध व उपकरण नियामक संस्थेने मंत्रचळासाठी मान्य केलेल्या पद्धतीत ठोके देण्यापूर्वी रुग्णाची भीती मुद्दाम जागी करतात. हात धुण्याचा चळ असेल तर संडासाच्या कडीला हात लावायला लावायचा आणि धुऊ द्यायचा नाही. तपासण्याचा असेल तर ‘निघताना गॅसचा नॉब नक्की बंद केलात?’ एवढे विचारून शंका तशीच लोंबकळत ठेवायची. अस्वस्थता दहापैकी 4 ते 7 वर आली की ठोके सुरू. भीती आणि चळ यांचे मेंदूतले चक्र फिरत असतानाच त्यावर ठोके पडावेत, हा त्यामागचा विचार. याला तीन ते पाच मिनिटे लागतात आणि घाईत नेमकी हीच गाळली जातात. शिवाय रुग्ण मनातल्या मनात जप करून भीती शमवतो, ते बाहेरून दिसत नाही, विचारावेच लागते.

पुढचे यंत्राचे काम : 2 सेकंद ठोके, सेकंदाला 20, मग 20 सेकंद विश्रांती. अशा 50 फेऱ्या, एकूण 2000 ठोके, साधारण 18 मिनिटे. सहा आठवड्यांत 29 बैठका. ठोक्यांची ताकद पाऊल हलते का, हे पाहून ठरवतात. पायाचा भाग मेंदूत खोलवर असतो. हाताचा अंगठा हलण्यावरून आकडा काढला तर ताकद कमी पडते. नैराश्यासाठीची कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला तशीच लावून त्याला ‘ओसीडीचा कोर्स’ म्हणणे आम्हाला पटत नाही.

या पद्धतीच्या चाचणीत लक्षणे 30 टक्के किंवा जास्त उतरलेले रुग्ण 38 टक्के होते. तुलनेसाठी खोटे ठोके दिलेल्या गटात 11 टक्के. म्हणजे सगळ्यांनाच गुण येत नाही. म्हणून औषधे परस्पर बंद करू नयेत, भीतीला सामोरे जाण्याची वर्तनोपचाराची तालीमही सोडू नये.

पूर्वी फीट आली असेल, डोक्यात धातूची क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर पहिल्याच भेटीत सांगावे. आदल्या रात्री जागरण झाले असेल किंवा गोळी बदलली असेल, तर त्या दिवशी खुर्चीत बसण्याआधी.

– मेंदू-उद्दीपन उपचार करणारे दोन मानसोपचारतज्ज्ञ, पुणे