जावळ बाळाचं, घाई कॅमेऱ्याची

संपादक महोदय,

उन्हाळी सुटी लागली की कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत जावळांची रांग लागते. कुणाचं जोतिबाच्या डोंगरावर, कुणाचं पंचगंगेच्या घाटावर, तर कुणाचं दारात मांडव घालून. मामाचा आहेर, पंगतीचा बेत, बाळाचं झबलं-टोपडं, सगळं महिनाभर आधी ठरतं. वस्तरा धरणाऱ्याशी मात्र आदल्या दिवशी दोन शब्दही कुणी बोलत नाही. ते बोलणं आम्ही कारागीर इथे करतो.

शास्त्रात चौलाला, म्हणजे जावळाच्या संस्काराला, पहिलं किंवा तिसरं वर्ष सांगितलंय. आपल्याकडे पाचवा, सातवा, नववा असा विषम महिनाही धरतात. रिवाज ज्याचा त्याचा, पण विचाराल तर वर्ष उलटलेलं बरं. टाळू साधारण १२ ते १८ महिन्यांत भरते. त्याआधी जावळ काढता येत नाही असं नाही, पण टाळूवर हात अगदी हलका ठेवावा लागतो आणि तिथली कातडी ताणता येत नाही. डोक्यावर फोड किंवा घामोळं असेल तर आठ दिवस पुढे ढकला. खपल्या असतील तर आदल्या रात्री खोबरेल लावून मऊ होऊ द्या. खपल्या वस्तऱ्याने खरवडायला सांगू नका.

मुहूर्त सकाळचा मागून घ्या. दुपारी साडेबाराला बाळ उपाशी, झोपेला आलेलं आणि उन्हाने तापलेलं असतं. दूध-पेज अर्धा-पाऊण तास आधी झालेली हवी. अगदी भरल्या पोटी बसवलं तर रडता रडता मामाच्या अंगावर उलटी ठरलेली.

खरं काम भिजवण्याचं आहे आणि नेमकं तेच गाळलं जातं. चार थेंब शिंपडून वस्तरा लावला की केस कापला जात नाही, ओढला जातो. बाळ रडतं ते बऱ्याचदा या ओढण्याने. आधी कात्रीने किंवा मशीनने केस बारीक करून घ्यावेत. मग कोमट पाण्यात पिळलेला मऊ टॉवेल चार-पाच मिनिटं डोक्यावर ठेवावा आणि मधेमधे पाणी चोळावं. पाणी कोमट आहे की कढत, ते आईने मनगटावर बघावं. घाटावर गार पाण्याचा तांब्या ओततात, त्याने बाळ दचकतं आणि पुढची पंधरा मिनिटं मान स्थिर राहत नाही.

ब्लेड तुमच्या डोळ्यांदेखत नवं निघालं पाहिजे. कागदासकट मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात बसवतात, तो मोडल्याचा आवाज ऐकल्याशिवाय बाळाला मांडीवर घेऊ नका. यात्रेच्या गर्दीत एकाच अर्ध्या पात्यावर दोन-तीन डोकी उरकली जातात, हे आमच्याच धंद्यातलं वाईट आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कावीळ ‘ब’चा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवसही तग धरतो. पात्याबरोबर वस्तऱ्याची खाचही स्पिरिटने पुसायला सांगा. कारागिराला त्याचा राग येत असेल तर दुसरा शोधा.

पहिली बट मामाने कात्रीने कापावी आणि मग हात मोकळे ठेवावेत. त्याच्या एका हाताचा विळखा बाळाच्या दोन्ही हातांवरून पोटाशी, दुसरा तळवा कपाळावर. टोपी, नारळ, मोबाईल दुसऱ्याकडे. वस्तरा भोवऱ्यापासून बाहेर, केस ज्या दिशेला पडतात त्या दिशेनेच जातो. डाव्या अंगठ्याने कातडी किंचित ताणायची आणि पातं जवळजवळ आडवं ठेवायचं. कानामागची घडी आणि मानेची खळगी शेवटी, कारण बाळ तिथेच मान फिरवतं. भोवऱ्यात केस गोल फिरतात, म्हणून तिथे बोटभर लांबीचेच फराटे मारायचे.

इतकं झालं की एखादी आजी डोक्यावरून हात फिरवते, “खरखरीत लागतंय, अजून एक हात मारा” म्हणते. हा दुसरा, केसांच्या उलट दिशेचा हात मारायचा नाही. बारीक पुरळ आणि बहुतेक कापे याच फेरीत येतात. दुसरा त्रास फोटोवाल्याचा. वस्तरा कपाळाशी असताना “थांबा, परत एकदा” म्हणून फ्लॅश मारतात, मागे हलगी चालू असते. पाच-दहा मिनिटं हलगीवाल्यांना चहाला पाठवलं तर समारंभाचं काही कमी होत नाही.

कापलंच तर घाबरू नका. डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे एवढ्याशा चिरेचंही रक्त खूप दिसतं. स्वच्छ कापड पाच मिनिटं दाबून धरा, दर मिनिटाला उचलून बघू नका. हळद, कुंकू, तुरटी चिरेवर नको. कुंकवाचं स्वस्तिक काढायचंच असेल तर ते टोपीवर काढा. नंतर साध्या पाण्याने डोकं धुऊन खोबरेलाचा हलका हात आणि उन्हात सुती टोपी, एवढं पुरे.

जावळाने केस दाट येतात हा समज आम्हालाच गिऱ्हाईक देतो, पण तो खरा नाही. केसाचं मूळ कातडीखाली असतं, वस्तरा तिथे पोचत नाही. कापलेलं टोक बोथट असल्याने नवा केस जाड लागतो, इतकंच.

आता केसांचं. कणकेच्या गोळ्यात घालून, पुष्कळदा कॅरीबॅगसकट, ते पंचगंगेत जातात. कणीक विरघळते, केस लवकर कुजत नाहीत, आणि हेच पाणी पुढे शिरोळ तालुक्यातल्या गावांकडे जातं. केसात नत्र भरपूर असतं. दारातल्या नारळाच्या नाहीतर आंब्याच्या आळ्यात वीतभर खोल पुरले की झाडालाही लागतात. नदीचा मान ठेवायचा तर एक बट पाण्याला लावून परत आणा. आणि वापरलेलं ब्लेड त्या केसांत टाकू नका, जाड प्लास्टिकच्या बाटलीत घालून झाकण लावा. आळं खणणारा हात तुमच्याच घरातला असतो.

— केशकर्तन व्यवसायातील काही कारागीर, कोल्हापूर