मेरीचं सापडलं, माईचं सांगा

वोलोंगाँग, ऑस्ट्रेलिया,
रविवार दुपार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

दर रविवारी फोन होतो, तरी आज मुद्दाम पत्र लिहिते आहे. फोनवर मी काही लांबलचक सांगायला लागले की बाबा "जेवलात का" विचारतात आणि आई कुकर बंद करायला उठते. हे सगळं एका बैठकीत वाचावं, असं मला वाटतं. आणि शेवटी तुमच्याकडून मला एक गोष्ट हवी आहे, तीही लेखी.

माझ्या सासूबाईंच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू निघाला, दुसऱ्याचा निघायचा आहे. बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात (तुमच्या, इथल्या नव्हे) त्या मला म्हणाल्या, माझ्या माहेरच्या मुळाशी कोण बाई आहे ते मला मरायच्या आत कळू दे, तू वाच आणि मी ऐकते. त्यांची आजी आयुष्यभर एकच सांगायची, आपण स्वखुशीने आलेली माणसं, कैदी नव्हेत. इथे ही गोष्ट फार महत्त्वाची असायची. इंग्लंडहून शिक्षा भोगायला आलेला पूर्वज निघाला, तर घराण्याला डाग लागला असं पिढ्यानपिढ्या समजायचे आणि झाकायचे. तेव्हापासून आम्ही दोघी दर गुरुवारी ग्रंथालयात बसतो. त्यांनी थर्मासमधून चहा आणायचा, मी वाचायचं.

शोध उलटा घ्यावा लागतो. आधी आपला जन्मदाखला, मग आईचा, मग तिच्या आईचा. न्यू साउथ वेल्समध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८५६ पासून सुरू झाली. त्याच्यामागे जायचं तर चर्चच्या वह्या, आणि त्याच्याही मागे १८२८ ची खानेसुमारी. ती मी मायक्रोफिल्मवर पाहिली. वळणदार, तिरक्या अक्षरात प्रत्येक माणसाचं नाव, वय, धर्म, जमीन, गुरं, आणि तो इथे कसा आला त्याची खूण. स्वखुशीने आलेल्याला एक खूण, शिक्षा भोगून सुटलेल्याला दुसरी, इथेच जन्मलेल्याला तिसरी. पुढे जहाजाचं नाव आणि साल. एवढ्याशा रकान्यापुढे आजीचं सांगणं टिकलं नाही. सासूबाईंच्या माहेरचा धागा एका मुलीवरून तिच्या आईपर्यंत गेला, आणि ती आई निघाली मेरी वेड. इथे तिचं नाव पुष्कळांना ठाऊक आहे. माजी पंतप्रधान केव्हिन रड हेही तिच्याच वंशातले.

बाबा, तुम्हाला काळ डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगते. १७८९ चा जानेवारी. पुण्यात सवाई माधवराव गादीवर, कारभार नाना फडणीसांच्या हातात. त्याच वेळी लंडनच्या रस्त्यांवर मेरी नावाची अकरा-बारा वर्षांची पोर झाडू मारत भीक मागत होती. तिने आणि तिच्याहून थोड्या मोठ्या दुसऱ्या मुलीने मिळून, पाणी भरायला बाटली घेऊन आलेल्या आठ वर्षांच्या एका मुलीला संडासात नेलं आणि तिच्या अंगावरचे कपडे काढून घेतले. एक सुती झगा, खांद्यावर घ्यायचं एक लिननचं वस्त्र आणि एक लिननची टोपी. झगा सावकाराकडे गेला. खांद्यावरचं ते वस्त्र मेरीच्या खोलीत सापडलं.

ओल्ड बेली नावाच्या न्यायालयातला तो खटला आज शब्दन् शब्द वाचता येतो, कारण तिथल्या खटल्यांची हकिगत तेव्हा छापून निघायची. मी तो सासूबाईंना वाचून दाखवला. टोपीपाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि ती तीन कपड्यांची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग पुढची साक्ष आली. त्या पोरीला संडासातच ढकलून द्यायला हवं होतं, असं मेरी म्हणाल्याचं तिच्यात आहे. हे वाक्य गाळावं असं मला फार वाटलं. म्हाताऱ्या माणसाला कशाला ऐकवायचं? पण शोधायला निघालो आहोत तर गाळायचं नाही, असं ठरवून वाचलं. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "भुकेली असेल." आणि थोड्या वेळाने, "ती आठ वर्षांची पण कुणाची तरी होतीच की."

शिक्षा झाली फाशीची. तीन कपड्यांसाठी, दोघींनाही. पण त्या मार्चमध्ये राजा तिसरा जॉर्ज वेडाच्या आजारातून बरा झाला आणि त्या आनंदात फाशीची वाट बघणाऱ्या बायकांची शिक्षा काळ्या पाण्यावर आली. (बाबा, महादजी शिंद्यांनी गुलाम कादिरचा निकाल लावला तोही हाच महिना. तुम्ही वहीत टिपून ठेवाल म्हणून सांगितलं.)

'लेडी जुलियाना' नावाच्या जहाजातून या बायका निघाल्या आणि ३ जून १७९० ला सिडनीला पोचल्या. प्रवासाला जवळजवळ वर्ष लागलं. जानेवारी १७८८ मध्ये वसाहत बसल्यापासून इंग्लंडहून मदत घेऊन आलेलं हे पहिलंच जहाज. किनाऱ्यावरची माणसं अर्ध्या शिध्यावर दिवस काढत होती, डोळे लावून बसली होती धान्याकडे, आणि आल्या बायका. तिथला न्यायाधिकारी डेव्हिड कॉलिन्स याने लिहून ठेवलंय की अन्नाऐवजी २२२ बायका, हा माल अनावश्यक आणि बिनफायद्याचा. एका जिवंत पोरीला माल म्हटलेलं मला अजून पचलेलं नाही.

आई, एक गोष्ट खास तुझ्यासाठी. दोन वर्षांनी, १७९२ मध्ये, 'अटलांटिक' नावाचं जहाज कलकत्त्याहून तांदूळ, रवा आणि डाळ घेऊन सिडनीला आलं. त्यांच्या कागदांत त्याचं नाव 'सूजी' आणि 'धोल' असं लिहिलंय. मी ते वाचलं आणि माझा घसाच दाटून आला. उपाशी इंग्रजांच्या शिध्यात आपली डाळ. ती कशी शिजवायची हे त्यांना कोणी सांगितलं असेल, असं सारखं मनात येत राहिलं.

मेरीने मात्र ती सिडनीत खाल्ली नसेल, कारण तिला ऑगस्ट १७९० मध्येच समुद्रात दूरवरच्या नॉरफोक बेटावर धाडलं होतं. तिथे त्याच वर्षी मार्चमध्ये सरकारी जहाज खडकावर आपटून फुटलं होतं आणि माणसं डोंगरावर घरटी करणारे समुद्रपक्षी मारून जगली होती. काही महिन्यांत लाखाहून जास्त पक्षी मारले. त्या पक्ष्याचं नावच 'देवाने धाडलेला' अशा अर्थाचं पडलं. पुढे तो त्या बेटावरून नामशेष झाला. त्या बेटावर मेरी आई झाली. तेव्हा ती जेमतेम पंधरा-सोळाची असेल.

पुढचं थोडक्यात सांगते. ती सिडनीला परतली. मुलांचा बाप देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर गेला तो परत आलाच नाही. मग जोनाथन ब्रुकर नावाच्या माणसाबरोबर तिने संसार मांडला, आधी हॉक्सबरी नदीकाठी, मग कॅम्पबेलटाउनजवळ एअर्ड्स भागात. १८१२ मध्ये ती कागदोपत्री मुक्त झाली. १८२३ मध्ये वणव्यात सगळं जळालं, पुन्हा उभं केलं. शेवटी ही माणसं इलावाराला आली, म्हणजे आम्ही राहतो त्याच भागात.

एअर्ड्सबद्दल मात्र थोडक्यात नाही सांगता येत. हे लोक तिकडे बस्तान बसवत होते त्याच दिवसांत, १७ एप्रिल १८१६ ला, शेजारच्या अपिन इथे गव्हर्नर मॅक्वारीच्या हुकमाने निघालेल्या शिपायांनी रात्री धरवाल लोकांच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, तळावर हल्ला केला. गोळ्या चुकवायला पळालेली माणसं, बायका-पोरांसकट, कड्यावरून खाली पडली. निदान चौदा माणसं मेली. मेरीच्या घरच्यांचा त्यात हात होता असं कुठे नाही. पण ती जमीन कोणाची होती आणि मोकळी कशी झाली, हे कळल्याशिवाय मेरीची गोष्ट पुरी होत नाही. मेरीने चोरलेल्या टोपीचं कापडसुद्धा मला माहीत आहे. त्या रात्री मेलेल्यांमधल्या बहुतेकांची नावंही कोणी लिहिली नाहीत. मी हे सासूबाईंना सांगितलं. आम्ही दोघी अपिनला जाऊन आलो. त्या मुकाट्याने उभ्या राहिल्या. माझ्याकडून आपोआप नमस्कार झाला.

मेरी १७ डिसेंबर १८५९ ला फेअरी मेडोला वारली. एकवीस मुलं झाली, तेव्हा सात हयात होती. नातवंडं, पतवंडं, खापरपणतू धरून तीनशेहून जास्त वंशज तिच्या डोळ्यांदेखत. ते ठिकाण आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. गेली सात वर्षं मी तिथे चालायला जाते आणि मला काही ठाऊक नव्हतं. ती माझ्या लेकाच्याही रक्तात आहे.

आता तुमच्याकडे वळते. बाबा, आजोबा गेले त्या वर्षी तुम्ही मला नाशिकला रामकुंडावर नेलं होतं, आठवतं? तीर्थोपाध्यायांनी गाव आणि आडनाव विचारलं, लाल कापडात बांधलेली लांबट वही सोडली आणि दहा मिनिटांत आपलं घराणं काढून दाखवलं. जुनी पानं मोडीत. तुमचे आजोबा, त्यांचे वडील, त्यांचे वडील, असे नऊ पिढ्यांपर्यंत. तुम्ही पंजोबांच्या सहीवर बोट ठेवलं होतं आणि तुमचा हात थरथरत होता. मी विचारलं, यात आजी कुठे आहे? कोणीतरी हसलं. उपाध्यायांनी पान उलटलं. तुम्ही काही बोलला नाहीत. मला राग नाही, बाबा. पण मी ते विसरलेही नाही.

आई, तुझं माहेरचं नाव मला सातवीत कळलं, मामाच्या घरी जुन्या शाळेच्या पुस्तकावर लिहिलेलं. तू म्हणालीस, लग्नात ताटात तांदूळ पसरले, यांनी अंगठीने नवं नाव लिहिलं, मग तेच झालं. मी तुला कधी विचारलंही नाही की ते तांदूळ गोळा करताना तुला काय वाटलं. आज विचारते आहे.

आणि माई? तुझी आई? तिला सगळे माईच म्हणायचे. रेशन कार्डावर सासरचं नाव. तिचं जन्माचं नाव काय होतं? तिच्या आईचं? तिचं माहेर अकोल्याकडचं (आपल्या नगरच्या अकोल्याकडचं) एवढंच मला माहीत आहे. गुरुवारी सासूबाईंनी मला हेच विचारलं. म्हणाल्या, माझ्या मागच्या सात बायकांची नावं तू काढून दिलीस, आता तुझी सांग. मी दोनवर अडकले.

तेव्हापासून मला झोप लागत नाही, हे खरं सांगते. मेरीने चोरी केली म्हणून सरकारने तिला पानोपानी लिहून ठेवलं, तिचं जहाज, तिचं वय, तिची सुटका. आपल्या माईने जन्मात कोणाची काडी उचलली नाही. पहाटे चारला उठून जात्यावर बसायची आणि तिला किती ओव्या यायच्या. तिचं नाव मात्र तिच्या नातीला सांगता येत नाही.

म्हणून हे काम करा. आई, तू आठवून लिही. नाव, माहेरचं आडनाव, गाव, भावंडं, जे येईल ते. चुकलं तरी चालेल, नंतर ताळा करू. थोरल्या मामींना फोन कर, त्यांना या गोष्टी आठवतात, आणि त्यांची तब्येत आहे तोवर कर. माईची एखादी ओवी आठवली तर तीही लिही. ओवीत भावाचं नाव यायचं, गाव यायचं, त्यावरून पुष्कळ लागतं. बाबा, तुम्ही तुमच्या आईचं आणि आजीचं लिहा. अकोल्याच्या शाळेचं जुनं दाखलखारीज रजिस्टर बघायला मिळतं का, तेवढं विचारून ठेवा. माई चौथीपर्यंत शिकली होती असं आई म्हणते. तसं असेल तर तिथे तिचं नाव असणार, आणि ते जन्माचंच असणार.

डिसेंबरात आम्ही तिघं येतो आहोत. तिकिटं झाली. आल्यावर आपण सगळे रामकुंडावर जाऊ. बाबा, या वेळी वही उघडली की तुम्ही स्वतः सांगायचं, बायकांची नावं लिहा म्हणून, माहेरच्या नावासकट. मी नाही सांगणार, तुम्ही सांगायचं.

गुडघ्याला तेल लावता ना? आईची रक्तदाबाची गोळी संपायच्या आधी आणत जा. पाकीट टपालानेच पाठवा, फोटो काढून फोनवर नको. सासूबाईंना आईचं अक्षर बघायचं आहे. त्यांनी भिंतीवर मोठा कागद लावलाय, एका बाजूला मेरीपर्यंतचा वेल, दुसऱ्या बाजूला माझा. माझ्या बाजूला माईची चौकट त्यांनी पेन्सिलीने आखून रिकामी ठेवली आहे.

तुमची,
धाकटी