एका सिरियलसाठी कोपनहेगन आणि माल्मो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत युरोप टूरवर काही आलं की मी वाचतेच, पण दर वेळी तेच असतं हो, पॅरिस, स्वित्झर्लंडचा बर्फ, रोम, बारा दिवसांत आठ देश. त्यात वाईट काही नाही, आम्ही पण एकदा तसेच गेलो होतो, पण बसमधून उतरा, फोटो काढा, परत बसा, आणि घरी आल्यावर कुठला चौक कुठल्या गावातला हेसुद्धा आठवेना. म्हणून यंदाचा अनुभव कळवावासा वाटला.

जूनमध्ये मी आणि माझी मुलगी दोघीच गेलो आणि फक्त दोन शहरं बघितली, डेन्मार्कचं कोपनहेगन आणि समोरचं स्वीडनमधलं माल्मो. कारण एकच, 'द ब्रिज' ही सिरियल. लॉकडाऊनमध्ये आम्ही दोघींनी ती रात्र रात्र जागून सबटायटल वाचत बघितली. २०११ ला सुरू झाली, २०१८ ला संपली, चार सीझन. सुरुवातच अशी की दोन्ही देशांना जोडणाऱ्या पुलावरचे दिवे जातात, परत येतात तेव्हा बरोब्बर बॉर्डरच्या रेषेवर एक बॉडी पडलेली असते, अर्धी या देशात अर्धी त्या देशात, आणि उचलायला गेल्यावर कळतं की वरचा भाग एका बाईचा आणि खालचा दुसऱ्याच बाईचा. मग स्वीडनची सागा आणि डेन्मार्कचा मार्टिन मिळून तपास करतात. ती स्वीडिश बोलते, तो डॅनिश बोलतो, आणि काम चालतं. आमच्या बिल्डिंगमध्ये एक काकू कोकणीत बोलतात आणि आम्ही मराठीत उत्तर देतो, मला तेच आठवायचं.

ही सिरियल इतकी गाजली की अमेरिका आणि मेक्सिकोच्या बॉर्डरवर एक आणि इंग्लंड-फ्रान्समधल्या समुद्राखालच्या बोगद्यात एक अशा दोन नवीन सिरियल त्यावरून निघाल्या. आमच्या ओळखीच्या एका टूरवाल्यांना माल्मो म्हटलं तर ते म्हणाले तिकडे बघायला काय आहे, कोणी जात नाही. मग मुलीने सगळं स्वतः बुक केलं. शेंगेन व्हिसा एकच लागतो, दोन्हीकडे चालतो, पण युरो चालवायचे म्हणून नेऊ नका, डेन्मार्कचा क्रोन वेगळा आणि स्वीडनचा क्रोना वेगळा.

आता पुलाबद्दल, कारण मला खरं त्याबद्दलच लिहायचंय. ओरेसुंड पूल जुलै २००० मध्ये सुरू झाला, जवळजवळ ८ किलोमीटर लांब, वर मोटारींचा रस्ता आणि खालच्या मजल्यावर रेल्वे. आम्ही कोपनहेगनहून लोकल पकडावी तशी ट्रेन पकडली, एअरपोर्ट गेलं आणि गाडी एकदम समुद्राखालच्या बोगद्यात शिरली. पूल अख्खा का नाही बांधला तर एअरपोर्ट इतकं जवळ आहे की उंच खांब विमानांच्या वाटेत आले असते, आणि जहाजांनाही मोकळी वाट पाहिजे होती. म्हणून ४ किलोमीटर बोगदा, मग समुद्रात भराव घालून केलेलं पेबरहोल्म नावाचं बेट, मग पूल. शेजारी साल्टहोल्म म्हणजे मीठ-बेट आधीपासून होतं म्हणून नव्याचं नाव मिरे-बेट ठेवलं, केवढं गोड! त्या बेटावर लोकांना फिरायला जाऊ देत नाहीत, जे उगवेल ते उगवू दे म्हणून सोडून दिलंय.

आणि ज्या जागेसाठी एवढा प्रवास केला त्या बॉर्डरच्या रेषेवर उभं राहताच येत नाही, पुलावर फुटपाथच नाही. ट्रेनच्या खिडकीतून लोखंडी पट्ट्यांमधून निळं पाणी दिसत राहिलं, मुलगी म्हणाली आई आत्ता बॉर्डर गेली बहुतेक, आणि माझ्या अंगावर काटा आला. पुढे हिल्ली स्टेशनला स्वीडनचे पोलिस डब्यात चढले आणि पासपोर्ट बघितले, पासपोर्ट हॉटेलवर ठेवून जाऊ नका.

पहिल्या दिवशी मी जरा खट्टू झाले होते. सिरियलमध्ये सगळं करडं, ढगाळ, ओलं, आणि इथे रात्री साडेनऊला लख्ख उजेड, पोरं समुद्रात उड्या मारतायत. पण मग लेर्नाकेनला गेलो, माल्मोच्या बाजूला पूल जिथे जमिनीला लागतो तिथे, आणि सूर्य खाली गेल्यावर २०४ मीटर उंच खांब काळे दिसायला लागले, तेव्हा सागाची जुनी मळकट हिरवी पोर्शे आत्ता इथून जाईल असंच वाटलं. तासभर बसलो, काहीच बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी टर्निंग टॉर्सो बघितला, १९० मीटरची पिळ घातलेली बिल्डिंग. तो सगळा भाग आधी जहाजांच्या कारखान्याचा. कारखाना बंद पडल्यावर तिथली भलीमोठी क्रेन कोरियाच्या कंपनीला फक्त एका डॉलरला विकली आणि २००२ मध्ये ती बोटीवर घालून नेली. कारखाना बंद होणं म्हणजे काय हे पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत माहितीये. हे वाचल्यापासून सिरियलमधली ती रिकामी गोदामं मला वेगळी दिसायला लागली, नुसता थ्रिलरचा सेट नाही राहिला तो.

म्हणून पुरवणीसाठी विनंती आहे की एक गोष्ट धरून केलेल्या अशा प्रवासांनाही जागा द्या. माद्रिदवर नक्की द्या, आपल्याकडे 'मनी हाइस्ट' कितीतरी पोरांनी बघितलीये आणि त्यातली टांकसाळ ही खरी टांकसाळ नाही, तिथल्या विज्ञान संशोधन परिषदेची इमारत आहे, हे कळलं तर ती पोरं तिथे जाऊन बघतील. आणि आपल्या पुण्यावर तर द्याच. प्रभात रोडला नाव ज्या प्रभात कंपनीवरून पडलं तिचा स्टुडिओ आज फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे, १९३६ चा 'संत तुकाराम' प्रभातचाच, ज्याचा पुढच्या वर्षी व्हेनिसला गौरव झाला. मी चाळीस वर्षं त्या रस्त्याने जाते, आणि माल्मोहून परत आल्यावर पहिल्यांदा मुलीला घेऊन तिथे मुद्दाम थांबले. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस'चं शूटिंग झालं, तिथेही पुढच्या महिन्यात जाणार आहोत.

कोणाला लेर्नाकेनला जायचं असेल तर जूनमध्येसुद्धा स्वेटर न्या, समुद्रावरचा वारा फार बोचतो.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे